तिनळीवाल्या शालनताई

शालनताई मान्यांच्या गळ्यात मंगळसूत्राच्या जागी भिंग असायचं. काळ्या दोऱ्यात ओवलेलं, पितळी कडेचं, जुन्या रुपयाएवढं. समोर कुणी बंदूक ठेवली की ते डोळ्याला लावायच्या आणि बंदुकीच्या मालकाला सांगायच्या, "पहले उल्टा कीजिए." मालक बहुधा एखाद्या जुन्या जहागीरदार घराण्यातला, मिशांना पीळ भरलेला असायचा. त्याची अपेक्षा असायची की बाई वरची नक्षी बघतील, धावतं रानडुक्कर बघतील, सांबर बघतील, आणि वाहवा करतील. शालनताई नक्षीकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. नळ्या दस्त्यापासून सोडवायच्या, पालथ्या घालायच्या आणि पोटाकडच्या सपाट भागावर ठोकलेल्या बारीक खुणा वाचायच्या. मुकुट, मुकुटाखाली एखादं अक्षर, मग आकडे. वाचून झालं की माझ्याकडे वळून मराठीत म्हणायच्या, "माणूस असू दे न्हाईतर बंदूक, आधी उलटं करून पोट बघायचं. वरनं सगळीच देखणी असतात."

गेल्या हिवाळ्यात त्या कोल्हापुरात, भावाच्या घरी वारल्या. जयपुरात त्यांच्याबद्दल दोन तऱ्हेचं बोललं जातं. काही म्हणतात, जर्मन शिकारी बंदुकांची तशी जाणकार बाई राजस्थानात झाली नाही. काही म्हणतात, बाई विषारी होती. मी त्यांच्याबरोबर नऊ वर्षं काढली. दोन्ही खरं आहे.

माझी त्यांची ओळख झाली मुरलीपुऱ्यात. मी विमा कंपनीत अधिकारी. एका घराला आग लागली होती, आणि दाव्यात एक जळकी बंदूक होती. कुठली, किती जुनी, कुणालाच सांगता येईना. कुणीतरी म्हणालं, बशीर उस्तादांच्या कारखान्यात न्या. कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक लेथ मशीन, तेलाचा वास आणि भिंतीला परवान्याची चौकट. उस्ताद ऐंशीच्या घरातले, हात थरथरायचे. कोपऱ्यातल्या टेबलाशी सुती साडी नेसलेली, केस घट्ट बांधलेली एक बाई बसली होती. तेवढ्यात मला आईचा फोन आला, मी मराठीत बोलले. फोन ठेवल्यावर ती बाई म्हणाली, "मराठी न्हवं तू? ये, बस. मी चहा सांगतो."

"सांगतो" ऐकून मी दचकले. माझा जन्म जयपूरचा. घरचं मराठी असलं तरी 'मतलब' आणि 'भैया' घातल्याशिवाय माझं वाक्य पुरं होत नसे. मला वाटलं, माझ्यासारखंच ह्यांचंही व्याकरण बिघडलेलं आहे. नंतर कळलं, कोल्हापूरकडच्या बायका असंच बोलतात, 'मी आलो, मी गेलो'. आणि शालनताईंचं व्याकरण कधीच, कुठल्याच भाषेत बिघडत नसे. त्यांनी ते जळकं लोखंड हातात घेतलं, राख पुसली, भिंग लावलं आणि पाच मिनिटांत सांगितलं की ही जर्मनीतल्या झूल गावची, पहिल्या महायुद्धाच्या आधीची, तीन नळ्यांची शिकारी बंदूक आहे. वर शेजारी शेजारी दोन नळ्या छऱ्यांच्या, खाली एक रायफलची. पाखरू उठलं तर वरचा बार, डुक्कर निघालं तर खालचा. शिकाऱ्याला दोन हत्यारं बाळगायला नकोत.

"ह्याला ड्रिलिंग म्हणतात," त्या म्हणाल्या. "जर्मनमध्ये ड्रिलिंग म्हणजे तिळं. एका आईची तीन पोरं, एकाच वेळची. एकाला उचलून दुसऱ्या घरात टाकलं, तरी पोटावर आईचं नाव ऱ्हातंच."

हे शेवटचं वाक्य त्या कुणाला उद्देशून बोलल्या, ते मला कळायला दोन वर्षं लागली.

शालनताईंचे यजमान मेजर माने. लष्करातून निवृत्त झाल्यावर ते गावी न जाता विद्याधर नगरात राहिले, कारण त्यांना जयपूरची हवा मानवली आणि जयपूरच्या बंदुका. राजेरजवाड्यांच्या काळात युरोपातून आलेली हत्यारं इथल्या घराघरांत कपाटांवर पडलेली होती. शिकार कधीच बंद झाली होती. मेजरांनी जन्मात एक ससा मारला नसेल. पण बंदुकीची घडण त्यांना कळायची. एका जहागीरदाराच्या विधवेकडून रीतसर परवान्यावर त्यांनी एक ड्रिलिंग घेतली. तिच्या बाजूच्या पोलादी पट्ट्यांवर झाडीतून बाहेर येणारं हरणाचं जोडपं कोरलेलं होतं. मादी मागे वळून बघते आहे. शालनताईंना तेव्हा बंदुकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. "मला ती हरणी तेवढी आवडायची," त्या सांगायच्या. "ह्यांना म्हटलं, ही बघा कशी मागं बघती, नवरा येतोय का म्हणून."

त्या काळी शहरात जुन्या हत्यारांचे मोठे जाणकार म्हणजे कुंवरसा. खरं नाव कुणी घेत नसे. परवानाधारक विक्रेते, घराणं जुनं, बोलणं मधाळ. पोलिसांनाही हत्याराबद्दल शंका आली तर ते कुंवरसांचं मत घेत. त्यांनी मेजरांची ड्रिलिंग पाहिली आणि तीनदा मागितली. मेजरांनी तिन्हीदा हसून नाही म्हटलं. प्रत्येक वेळी कुंवरसा जेवायला थांबले. शालनताईंनी कोल्हापुरी मटण केलं, तांबडा-पांढरा रस्सा केला. कुंवरसांनी दोन्ही रश्श्यांची तारीफ मेजरांपाशी केली.

मग बंदुकीची बिजागरी सैल झाली. दुरुस्तीसाठी ती कुंवरसांच्या दुकानी गेली आणि तीन आठवड्यांनी परत आली. मेजरांनी ती खांद्याला लावली आणि म्हणाले, "शालन, ही माझी नव्हे." हरणं होती, पण निर्जीव, कुणीतरी बघून बघून कोरल्यासारखी. नंबर मात्र तोच, परवान्यावरचा. मेजर लगेच दुकानी गेले. कुंवरसा अदबीने हसले. "हुकुम, आपको वहम हो गया है."

दोन महिन्यांनी परवान्याच्या नूतनीकरणासाठी बंदूक ठाण्यात दाखवली, तेव्हा तिथल्या माणसाला नंबर खरवडून पुन्हा ठोकल्यासारखा वाटला. हत्याराचा नंबर बदलणं हा मोठा गुन्हा. बंदूक जप्त होऊन ठाण्याच्या मालखान्यात गेली, परवाना रद्द झाला, मेजरांवर खटला भरला. जाणकार म्हणून मत द्यायला बोलावलं ते कुंवरसांनाच. त्यांनी लेखी दिलं की ही बंदूक आपण आधीपासून ओळखतो, हीच ती, आणि नंबरातला फेरफार जुना, म्हणजे मालकाच्याच हातचा आहे.

शहरातल्या मराठी मंडळींत, निवृत्त अधिकाऱ्यांत ही बातमी आठवडाभरात फिरली. चोरीचं हत्यार पचवायला निघाला होता म्हणे. मेजर सकाळी फिरायला निघाले की माणसं रस्ता ओलांडून पलीकडे जायची. अकरा महिन्यांनी, खटल्याची सुनावणी सुरू होण्याआधीच, बुटाची नाडी बांधता बांधता मेजर खुर्चीत कलंडले. सत्तावन्न वर्षांचे होते. आरोपी मेल्यावर खटला आपोआप बंद झाला. म्हणजे दोषीही नाहीत आणि निर्दोषही नाहीत, असे ते फायलीत तसेच पडून राहिले.

शालनताईंचा भाऊ त्यांना न्यायला आला. त्या गेल्या नाहीत. तेराव्यानंतर त्या मुरलीपुऱ्यात बशीर उस्तादांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मुझे बंदूक खोलना सिखाइए." उस्तादांनी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "एक आदमी को खोलना है."

उस्तादांनी त्यांना कारखान्याची कागदपत्रं सांभाळायला ठेवून घेतलं आणि हळूहळू हात शिकवला. दुपारी त्या विद्याधर नगरातल्या एका जर्मन भाषेच्या वर्गाला जायच्या. त्या वर्गात सगळ्या विशीतल्या नर्स मुली, जर्मनीतल्या इस्पितळांत नोकरी मिळवायला आलेल्या. त्यांच्यात ह्या पंचावन्न वर्षांच्या, पहिल्या बाकावर. मुली विचारायच्या, आंटी, आपको कौन से शहर जाना है? ह्या म्हणायच्या, "यहीं, चौमूं रोड." कुंवरसांचा बंगला तिथे होता.

सहा वर्षं खेटे घालून त्यांनी स्वतःचा परवाना मिळवला आणि स्वतः बंदुका जमवायला लागल्या. हे मला आधी समजायचं नाही. ज्या वस्तूनं घर मोडलं, ती घरात आणायची कशाला? त्या म्हणायच्या, "सापाचं विष उतरवायचं तर साप पाळाय लागतोय." पण ते पूर्ण खरं नव्हतं. चौमूंच्या एका घरात गाद्यांच्या ढिगाखाली त्यांना एक ड्रिलिंग सापडली. गंज साफ करता करता खालून गर्द निळं पोलाद उजळायला लागलं तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. त्या माहेरी आलेल्या मुलीचे केस विंचरावेत तशा तेलाचं फडकं फिरवत होत्या. दुसरी बंदूक दोन नळ्यांची, एक छऱ्यांची आणि एक रायफलची. कायद्याप्रमाणे एका परवान्यावर आता दोनच हत्यारं ठेवता येतात, म्हणून त्यांचा संग्रह दोनाचाच. बाकीच्या पाहिलेल्या बंदुका वहीत होत्या: प्रत्येक खूण, प्रत्येक आकडा, शिसपेन्सिलीने घासून उतरवलेला. पुढे अशी वेळ आली की अलवरपासून बिकानेरपर्यंतची माणसं जर्मन खुणा वाचून घ्यायला त्यांच्याकडे येऊ लागली. आमच्या कंपनीनेही त्यांना मूल्यमापकांच्या यादीत घेतलं.

उस्तादांनी शिकवलेल्या गोष्टींतली एक त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. झूलचे कारागीर बंदुकीच्या प्रत्येक सुट्या भागावर, आतल्या बाजूने, नंबरातले शेवटचे दोन आकडे ठोकायचे, म्हणजे एकीचा भाग दुसरीत जाऊ नये. बाहेरचा नंबर कुणीही खरवडेल. आतला खरवडायला सगळी बंदूक सोडवावी लागते, आणि तो तिथे आहे हे आधी ठाऊक असावं लागतं. मेजरांच्या बंदुकीचा नंबर एकसष्टने संपत होता.

आता मला माझा गुन्हा सांगायचा आहे. एके दिवशी माझ्या टेबलावर विम्याचा प्रस्ताव आला. जुन्या शिकारी हत्यारांचं प्रदर्शन भरणार होतं, त्यात कुंवरसा आपल्या बंदुका मांडणार होते आणि त्यांचा विमा हवा होता. यादीत एक ड्रिलिंग. तपासणीला मूल्यमापक पाठवायचा होता. ज्या बाईचं त्या माणसाशी हाडवैर आहे, तिला मूल्यमापक म्हणून नेणं नियमात बसत नव्हतं, आणि ते मला पक्कं माहीत होतं. मी मुरलीपुऱ्याला जाऊन तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाचला. घडी घातली. "कधी जायचं?" एवढंच विचारलं. बशीर उस्ताद लेथपाशी बसून ऐकत होते. म्हणाले, "बेटी, जाने दे. ऊपरवाला देख रहा है."

"त्याला बघू दे," शालनताई मला म्हणाल्या. "मी पण बघतो."

वाटेत त्यांनी मला एकच सूचना दिली. "एकेक भाग सुटंल तसा फोटो काढ, आकडा लिही, आणि लगीच त्यांच्या माणसाची सही घे. सही आधी, अर्थ मागनं."

हिवाळ्यातली दुपार होती. चौमूं रस्त्यावरच्या बंगल्यात हिरवळीवर रजई अंथरून कुंवरसांनी बंदुका मांडल्या होत्या. सत्तरी ओलांडली होती, तरी रुबाब तोच. त्यांनी शालनताईंना, नावही न विचारता, 'आइए मैडम' म्हणून खुर्ची दिली, आणि अर्धा तास बोलत होते. शालनताई ऐकत होत्या. मग ड्रिलिंगकडे हात करून म्हणाल्या, "उल्टा कीजिए."

मी पोलादावर ती हरणी पाहिली. मान वळवून मागे बघत होती. इतकं ऐकलं होतं तिच्याबद्दल, की ओळख पटायला क्षणही लागला नाही.

शालनताईंचे हात जराही हलले नाहीत. नळीखालचं लाकूड काढलं, आतल्या लोखंडावर भिंग धरलं आणि आकडा सांगितला. फोटो, नोंद, कुंवरसांच्या मुलाची सही. मग दस्त्यामागची पट्टी, दोन स्क्रू काढून. आकडा, फोटो, सही. मग काडतूस बाहेर ढकलणारा तुकडा. मग बाजूची पट्टी आतून. कुंवरसा कौतुकाने बघत होते. म्हणाले, असं काम करणारं माणूस बऱ्याच वर्षांनी पाहिलं. चौथी सही झाल्यावर शालनताईंनी भिंग खाली सोडलं.

"कुंवरसा, आपके लाइसेंस पर आख़िरी दो अंक?"

"अड़तीस."

"अंदर चार जगह इकसठ है."

मुलाला काही कळलं नाही. कुंवरसांना कळलं. त्यांनी पहिल्यांदा शालनताईंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "आप... आप कौन हैं?"

"तीन बार मेरे हाथ का मटन खाया है आपने," शालनताई म्हणाल्या. "रस्सा याद है, मुँह याद नहीं."

आणि त्या उठल्या. गाडीत बसल्यावर त्यांनी पाण्याची बाटली मागितली आणि एका दमात रिकामी केली.

पुढचं सगळं कोर्टात झालं. मालखान्यात इतकी वर्षं पडून असलेली बंदूक तज्ज्ञांसमोर उघडली गेली. तिच्या आत अडतीस निघाला. कुंवरसांनी दोन बंदुकांचे नंबर अदलाबदल करून ठोकले होते. चांगली आपल्याकडे ठेवली आणि आपली हलकी, नक्षी करवून घेऊन, मेजरांना दिली. त्यांचा विक्रीचा परवाना गेला, अटक झाली, जामीन झाला, खटला उभा राहिला. मला ऑफिसात मेमो मिळाला आणि एक बढती हुकली. त्याची तक्रार नाही.

कुंवरसांचा मुलगा विद्याधर नगरात शालनताईंच्या घरी आला होता. मी तिथेच होते. तो पाया पडला. "माँजी, समझौता कर लीजिए. पिताजी बहत्तर के हैं."

"मेरे सत्तावन के थे," शालनताई म्हणाल्या आणि दार उघडून धरलं.

खटला रेंगाळला, जसे रेंगाळतात. सगळे त्यांना सांगायचे, आता त्या माणसाची पुरेशी बेअब्रू झाली, वकिलाला जाऊ द्या, तुम्ही कशाला हेलपाटे घालता? त्या एकही तारीख चुकवायच्या नाहीत. डबा घेऊन जायच्या आणि कोर्टाच्या व्हरांड्यात कुंवरसांच्या समोरच्या बाकावर बसायच्या. बोलायच्या नाहीत. नुसत्या बघायच्या. दुपारी डबा उघडून, त्यांच्याकडे बघत, सावकाश जेवायच्या. मी एकदा म्हटलं, "ताई, हे क्रूर आहे." त्या म्हणाल्या, "शिक्षा कोर्ट देईल न्हाईतर न देईल. तारखा माझ्या हायत."

निकालाच्या आधीच कुंवरसा गेले. मला वाटलं, ऐकून शालनताईंना हलकं वाटेल. त्यांनी हातातली परडी भिंतीवर फेकली. "सुटला की गं!" त्या ओरडल्या. "सुटला! माझ्या हातनं सुटला!" कोथिंबीर सगळ्या स्वयंपाकघरात पसरली.

मेजरांची बंदूक वारस म्हणून त्यांना परत मिळाली. पण परवान्यावर दोन आधीच होत्या, तिसरी ठेवता येत नव्हती. कुंवरसांचा मुलगा पुन्हा आला. म्हणाला, मला नको, एखाद्या संग्रहालयाला द्या, कुणाच्याही नावाने द्या, पण असली वस्तू पुन्हा होणे नाही; पिताजी शेवटपर्यंत तिचंच बोलत होते. हे शेवटचं त्यानं बोलायला नको होतं. शालनताईंनी ती बंदूक नष्ट करण्यासाठी जमा केली आणि कापताना हजर राहण्याची परवानगी मागितली. मीही गेले. ठिणग्या उडत होत्या. हरणीच्या मानेतून पातं गेलं तेव्हा मी तोंड फिरवलं. त्यांनी फिरवलं नाही. आपल्या दोन बंदुकांतली एक देऊन टाकून त्या तिला घरात ठेवू शकल्या असत्या. मी तसं बोललेही होते. अजूनही मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी पाप केलं. त्या एवढंच म्हणाल्या, "मला वाईट वाटलं न्हाई असं समजू नको. पण त्याला जे हवं हुतं ते कुठंच नको."

यानंतर हायकोर्टाचा आदेश आला. शालनताईंनी वेगळा अर्ज करून मागितलेला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की नंबरातल्या फेरफाराशी मेजर माने यांचा काहीही संबंध नव्हता, ते स्वतः फसवले गेले होते. शालनताईंनी त्याच्या अकरा प्रती काढल्या. त्यांच्याकडे अकरा नावांची यादी होती. मेजरांच्या शेवटच्या वर्षात ज्यांनी रस्ता ओलांडला ती माणसं. सगळी आता म्हातारी झालेली. त्या मला घेऊन घरोघर गेल्या. आत जायचं, बसायचं, कागद पुढे करायचा आणि म्हणायचं, "मोठ्यानं वाचा." माणसं वाचायची. बायका खाली बघत उभ्या राहायच्या. वाचून झालं की प्रत्येक जण म्हणायचा, अरेरे, आम्हाला कुठे माहीत होतं! शालनताई त्यांच्या घरचं पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत.

यादीतलं शेवटचं नाव माझ्या वडिलांचं होतं.

हे मी इतका वेळ सांगितलं नाही. शालनताईंनाही मी कधी सांगितलं नव्हतं. बाबा तेव्हा बँकेत मोठे अधिकारी होते आणि आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. त्या वर्षी गणपतीच्या आरतीला मेजर आले, तेव्हा बाबांनी त्यांना बाजूला नेऊन सांगितलं, प्रकरण मिटेपर्यंत येऊ नका. मी बारावीत होते, प्रसादाचं ताट धरून शेजारीच उभी होते. इतकी वर्षं मी समजत होते की शालनताईंना मी कोणाची मुलगी ते माहीत नाही. दहावं घर झाल्यावर त्या गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, "चल. आता तुझ्या घरी."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी. तुझ्या दाव्याच्या कागदावर 'चौधरी' वाचलं तेव्हाच."

"मग मला जवळ का केलंत?"

"तू काय केलं हुतंस?" त्या म्हणाल्या.

बाबा झोपाळ्यावर बसले होते. शालनताईंना पाहून उठले, "या वहिनी" म्हणाले, आणि कागद पाहिल्यावर पुन्हा बसले. त्यांनी चष्मा लावला. हिंदीतला आदेश त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. आई चहाचा ट्रे घेऊन दारात तशीच उभी. वाचून झाल्यावर बाबांनी कागद मांडीवर ठेवला. शालनताई म्हणाल्या, "आता मराठीत सांगा, चौधरीसाहेब."

"मेजरांचा काही दोष नव्हता," बाबा म्हणाले.

"आणि?"

मला वाटलं, आता तेही म्हणतील, आम्हाला कुठे माहीत होतं. बाबांनी चष्मा काढून कागदावर ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि मला ते तेव्हाही माहीत होतं, वहिनी. मी मान्यांना वीस वर्षं ओळखत होतो. तो माणूस खोटं करणार नाही हे मला माहीत होतं. मी घाबरलो."

शालनताई उठल्या. चहाला हात लावला नाही. आईला नमस्कार केला, बाबांना केला नाही.

मी त्यांना घरी सोडायला निघाले. सीकर रस्त्याला ट्रकांची रांग लागली होती, गाडी इंच इंच सरकत होती. मी रडत होते, कशासाठी ते मलाही धड कळत नव्हतं. त्या म्हणाल्या, "अकरातला एकटा तुझा बाप खरं बोलला."

"मग त्यांना माफ केलंत?"

पुढचा ट्रक हलला. शालनताईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "चल, गाडी घे पुढं."